कादंबरीकाराचे हाल

कादंबरी लिहिणें ही व्याधि असून ती छापणें हा तिच्यावरील उतारा होय, अशी माझी समजूत होती. सेवानिवृत्तीनंतर मला ती व्याधि जडली. छत्तीस वर्षें मुलांच्या निबंधांवर तांबडी शाई ओतल्याचें तें प्रायश्चित्त असावें.

पहिले हाल लेखनाचे. पहिल्याच प्रकरणांत मीं नायकास आगगाडीनें पुण्यास धाडलें. परंतु तेथें त्यानें काय करावें, हें चार महिने सुचेना. तो बिचारा फलाटावर बसून राहिला आणि मी ओसरीवर.

दुसरे हाल प्रकाशनाचे. हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी १८९० सालीं निघालेल्या 'करमणूक' पत्रांतून क्रमशः आली. तिला वाचक आधीं मिळाले, पुस्तकाचें रूप मागाहून. आमचें उलट. प्रकाशकांकडून हस्तलिखित साभार परत आलें, तेव्हां पेन्शनींतील शिलकेवर पांचशें प्रती स्वतःच छापण्याचें ठरविलें.

छापखाना प्रकरणें मोजीत नाहीं, फर्मे मोजतो. एका फर्म्याचीं सोळा पानें. बारा फर्म्यांचीं १९२. माझीं भरलीं १९४. दोन पानांसाठीं जादा कागद, जादा खर्च! व्यवस्थापक नम्रपणें म्हणाले, "गुरुजी, नायिकेचें आजारपण जरा आवरतें घेतां येईल का?" मीं तिला एका रात्रींत मारली.

मग मुद्रितें आलीं. स्वतःची चूक स्वतःस दिसत नाहीं, कारण डोळा छापलेलें न वाचतां मनांतलें वाचतो. "तिचा गळा दाटून आला" याऐवजीं "तिचा मळा दाटून आला" हें मला तीनदां वाचूनही दिसलें नाहीं. अक्षरजुळणी करणाऱ्या मुलीनें तें दाखविलें आणि हळूच विचारलें, "गुरुजी, ती इतक्या लवकर कशी हो गेली? आधीं तर तिचा भाऊ उशाशीं बसून होता."

तो भाऊ मीच होतों; नायिका माझी थोरली बहीण. मीं तीं दोन पानें परत घातलीं आणि जादा कागदाचे पैसे मुकाट्यानें भरले.

पुस्तक निघालें. चार प्रती तेवढ्या हमखास मार्गीं लागल्या. कारण १९५४ च्या कायद्यानें कोलकात्याचें राष्ट्रीय ग्रंथालय व आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयें यांस पुस्तक स्वखर्चानें पाठवावेंच लागतें. कांहीं आप्तांनीं भेट म्हणून नेल्या. बाकीच्या माझ्या खाटेखालीं आहेत.

नवशिक्या लेखकास माझें एवढेंच सांगणें: कागदासाठीं हवें तें कापावें, परंतु ज्या पानांसाठीं पुस्तक लिहिलें, तीं कापूं नयेत. हरिभाऊंप्रमाणें मलाही वाचक आधींच मिळाला होता. तो एकच होता, इतकाच काय तो फरक.