पेवांत हळद कां टिकते?

सांगलीनजीक कृष्णा-वारणा संगमावर वसलेल्या हरिपूर गांवचीं हळदीचीं पेवें सर्वश्रुत आहेत. तोंड माणूस उतरेल एवढेंच, पोट मोठें, खोली वीस-पंचवीस फूट, अशीं हीं जमिनीच्या पोटांतील कोठारें होत. २००५ सालच्या महापुरांत पाणी शिरून त्यांतील पुष्कळ निकामी झालीं; हळद आतां बहुतांशीं गोदामांत व शीतगृहांत ठेवतात. शीतगृहाचें भाडें सर्वांसच परवडतें असें नाहीं. म्हणून पेव जें काम निमूटपणें करीत असे, तें गोदामांत कसें साधेल याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

हळदीची रास भरीव दिसते, पण भरीव नसते. हळकुंडांमधील पोकळ्या एकमेकींस जोडलेल्या असून त्यांत हवा असते. ऊन हवा हलकी, थंड हवा जड. हिंवाळ्यांत गोदामाच्या भिंती व पत्रा रात्रीं गार पडतात, राशीचें पोट मात्र उबदार राहतें. मग मधली हवा वर चढते, कडेची खालीं उतरते, आणि राशींत एक मंद चक्र सुरू होतें. वर जाणारी हवा पोटांतील ओलावा बरोबर नेते व वरच्या गार थरांत तो सोडून देते. नीट वाळविलेल्या हळदीसही वरच्या वितीभर थरांतच बुरशी धरते, तिचें कारण बहुधा हेंच. दोष मात्र पत्र्याच्या गळतीस मिळतो! उन्हाळ्यांत चक्र उलटें फिरतें व ओलावा तळाशीं उतरतो.

असें अभिसरण केव्हां सुरू होतें याचें गणित हॉर्टन व रॉजर्स यांनीं १९४५ सालीं आणि लॅपवुड यांनीं १९४८ सालीं मांडलें. हवेस चढविणारा जोर आणि तीस थोपविणाऱ्या गोष्टी यांचें गुणोत्तर त्यांनीं काढलें. थर खालून तापत असेल, तर हें गुणोत्तर सुमारें चाळीस होईपर्यंत हवा जागची हालत नाहीं. इतर गोष्टी सारख्या असतां राशीची उंची दुप्पट केली कीं तें दुप्पट होतें. दाण्याचा आकार दुप्पट असला तर चौपट. ज्वारीपेक्षां हळकुंडांच्या राशीस अधिक जपावें लागतें तें यामुळें. परंतु ऊन किंवा गारवा बाजूनें लागत असेल, तर चाळिसाची ही सवलत मुळींच मिळत नाहीं. फरक कितीही थोडा असो, हवा चालूं लागतेच. सबब पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीस पोतीं टेकवून लावूं नयेत, मध्यें वाट ठेवावी, आणि थंडींत पोतीं तपासतांना वरचा थर आधीं पाहावा.

पेवांत ही चिंता नसते. वीस फूट खालीं जमिनीचें उष्णतामान वर्षभर जवळजवळ एकच राहतें. चहूंकडे सारखी ऊब, मग चक्र फिरणार कशानें? मात्र माती एकजीव हवी. काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते, म्हणून ती पेवास निरुपयोगी. साताऱ्याकडे ज्वारीसाठीं कोणी पेव खणूं म्हणेल, तर मुरमाखालच्या काळ्या पाषाणांतील उभ्या फटी त्यानें आधीं पाहाव्या. थंडींत बाहेरची जड हवा अशा फटींतून खालीं उतरते व आंतील उबदार हवा वर लोटते. फटीची रुंदी दुप्पट असेल, तर तींतून वाहणारी हवा आठपट होते.

या निश्चलतेची दुसरी बाजू भयंकर आहे. किडीच्या व बुरशीच्या श्वसनानें पेवांतील प्राणवायु सरतो आणि हवेच्या सुमारें दीडपट जड असा कर्बाम्लवायु सांचतो. पेव फुटणें म्हणजे भरभरून बाहेर पडणें असें आपण बोलतों खरें, पण हा वायु तोंड उघडलें तरी आपोआप बाहेर येत नाहीं. कंदील सोडून पाहण्याची चाल चांगली, तथापि पुरेशी नव्हे. प्राणवायु शेंकडा २१ वरून १६-१७ वर आला म्हणजे ज्योत विझते. ती विझण्यापूर्वींच माणसास भोंवळ येण्याइतका कर्बाम्लवायु आंत असूं शकतो. तेव्हां पंख्यानें ताजी हवा तळापर्यंत सोडावी, उतरणाऱ्याच्या अंगास दोर बांधावा, आणि वर दोन माणसें उभीं ठेवावीं. तो खालीं कोसळला तर त्याच्यामागें कोणीही उतरूं नये. दोरानेंच त्यास वर ओढावें.