दहा वर्षं मागणारा कवी

मार्च १८१७ मध्ये जॉन कीट्सचा पहिला कवितासंग्रह लंडनमध्ये निघाला. त्यातल्या ‘स्लीप अँड पोएट्री’ या दीर्घ कवितेत, वयाच्या एकविशीत, त्यानं कवितेसाठी दहा वर्षांचा अवधी मागितला होता. लिहिण्याजोगी त्याला मिळाली जेमतेम तीन.

आयुष्य अपुरं पडेल ही धास्ती म्हणजे तरुण कवीचा हळवेपणा, असं म्हणणं त्याच्यावर अन्याय करणारं आहे. तो आठ वर्षांचा असताना वडील घोड्यावरून पडून गेले. चौदाव्या वर्षी आई क्षयानं गेली. तिच्या उशाशी तोच बसला होता. पुढे लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलात तो वैद्यकी शिकला, १८१६ मध्ये परवाना मिळवला आणि कवितेपायी ती वाट सोडली. माणूस कसा संपतो हे त्यानं आधी घरात पाहिलं, मग वॉर्डात.

जानेवारी १८१८ मध्ये त्यानं ‘व्हेन आय हॅव फिअर्स’ हे सुनीत लिहिलं. मरणाच्या वेदनेचा त्यात उल्लेखही नाही. डोक्यात साठलेलं कागदावर उतरण्याआधीच आपण गेलो तर, हा त्यातला पहिला घोर. प्रेमाची हुरहूर त्यानंतर येते. हा क्रम फार बोलका आहे. शेवटी तर प्रेम आणि कीर्ती दोन्ही विरून जातात आणि कवी एकटा उरतो. ज्या फॅनी ब्रॉनवर पुढे त्यानं जीव टाकला, ती तेव्हा त्याला भेटलीही नव्हती.

त्याच वर्षी त्याच्या ‘एंडिमिअन’ या दीर्घकाव्यावर नियतकालिकांनी झोड उठवली. १ डिसेंबरला धाकटा भाऊ टॉम क्षयानं गेला, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी. त्याचीही सेवा कीट्सनंच केली होती.

आणि मग १८१९! नाइटिंगेल, ग्रीक कलश, विषाद यांवरची ओड्स, सप्टेंबरात विंचेस्टरला लिहिलेली ‘टू ऑटम’. इतक्या थोड्या महिन्यांत एवढं मोलाचं काम क्वचितच कुणा कवीच्या हातून झालं असेल. ‘हायपेरिअन’ हे महाकाव्य मात्र अर्धंच राहिलं.

३ फेब्रुवारी १८२०च्या रात्री खोकल्यातून रक्त पडलं. त्याचा रंग पाहून हे मरणाचं लक्षण असल्याचं त्यानं स्वतःच ओळखलं. मागे टिकेल असं काही ठेवलं नाही, ही खंत त्यानं फॅनीला कळवली. जुलैमध्ये त्याचं तिसरं पुस्तक आलं. ज्या कवितांवर आज त्याचं नाव उभं आहे, त्यातल्या बहुतेक त्यात होत्या. तरी २३ फेब्रुवारी १८२१ला रोममध्ये तो गेला तेव्हा थडग्यावर आपलं नावही नको, असं सांगून गेला. वय पंचवीस.

अपुऱ्या आयुष्याच्या भीतीचं ते सुनीत छापून यायला १८४८ साल उजाडलं.