लष्करी हुकूम आणि विधिज्ञांचे सहकार्य

१९६७ च्या जूनमधील युद्धानंतर जॉर्डन नदीच्या पश्चिम तीरावर इस्रायलचा लष्करी अंमल सुरू झाला आणि जमीन, पाणी, बांधकाम, प्रवास या सर्वांचे नियमन लष्करी हुकुमांनी होऊ लागले. हे हुकूम मात्र सहजासहजी कोणाच्या हाती पडत नसत. ज्या हुकुमान्वये अशिलाची जमीन गेली तो वकिलालाच पाहावयास मिळू नये, याहून विचित्र स्थिती कोणती? रामल्ला येथील वकील राजा शहादे व त्यांचे सहकारी यांनी १९७९ मध्ये 'अल्-हक' ही संस्था स्थापन केली, ती या परिस्थितीत. हुकूम मिळविणे, त्यांचा अर्थ लावणे, पीडितांच्या जबान्या शपथेवर नोंदविणे हे काम वरवर पाहता कारकुनी वाटेल. परंतु जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय विधिज्ञ आयोगाने त्याचे मोल ओळखले आणि १९८० मध्ये शहादे यांचा अभ्यास ग्रंथरूपाने जगापुढे आणण्यास साहाय्य केले.

पुढे पश्चिम तीरावरील भिंतीचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे सोपविला. २००४ च्या सुनावणीत पॅलेस्टाइनची बाजू मांडणाऱ्यांत ऑस्ट्रेलियाचे जेम्स क्रॉफर्ड, इजिप्तचे जॉर्ज अबी-साब, ब्रिटनचे व्हॉन लो आणि बेल्जियमचे झाँ साल्मों हे विधिज्ञ होते. ९ जुलै रोजी न्यायालयाने १४ विरुद्ध १ अशा मताधिक्याने व्याप्त प्रदेशातील भिंतीचे बांधकाम बेकायदेशीर ठरविले. परंतु हे मत केवळ सल्ल्याच्या स्वरूपाचे होते. बांधकाम त्यानंतरही चालूच राहिले. १९ जुलै २०२४ रोजी त्याच न्यायालयाने व्याप्त प्रदेशातील इस्रायलचे वास्तव्यच बेकायदेशीर असल्याचे मत दिले.