जुने ग्राफिक्स कार्ड तावून घ्यावे

बारावीची परीक्षा संपली की वसई-विरारकडची संगणकवेडी मुले लोकल पकडतात, ग्रँट रोडला उतरतात आणि लॅमिंग्टन रोड पालथा घालतात. (पाटीवरचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ते विचारले तर मात्र पटकन कोणी सांगत नाही.) आमच्या शेजारच्या एका मुलाने शिकवण्या घेऊन सात हजार रुपये जमवले आणि ओळखीतून एक वापरलेले ग्राफिक्स कार्ड घेतले. तिसऱ्या दिवशी पडद्यावर रंगीत ठिपके उमटू लागले. विकणाऱ्याने हात वर केले. “काका, हे आधी ओळखता आलं नसतं का?” असे त्याने आम्हाला विचारले. आले असते, आणि त्यासाठी दहावीपर्यंतचे पदार्थविज्ञान पुरले असते.

कार्डाचे काम काय ते आधी पाहू. साध्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० बिंदू असतात, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार. खेळ चालू असताना सेकंदाला ६० चित्रे हवीत, तर दर सेकंदाला साडेबारा कोटींच्या आसपास बिंदूंचे रंग ठरवावे लागतात. शेकडो छोटे गणनघटक हे काम एकाच वेळी करतात आणि त्यांना लागणारी माहिती शेजारच्या स्मृतीतून येते.

इथेच पहिली फसगत होते. गिऱ्हाईक विचारते, “किती जीबी?” आता जीटी ७३० या जुन्या कार्डाच्या काही नमुन्यांवर ४ जीबी लिहिलेले असते आणि जीटीएक्स १६५० वरही ४ जीबीच. पण डीडीआर-३ स्मृतीच्या जीटी ७३० मधून सेकंदाला ३० जीबीपेक्षाही कमी माहिती बाहेर पडते, तर १६५० मधून १२८ जीबी. गच्चीवरची टाकी केवढी यावर आंघोळ ठरत नाही. नळाला धार किती हेही पाहावे लागते.

दुसरी गोष्ट कार्डाच्या पूर्वायुष्याची. इथेरियम हे आभासी चलन ‘खणण्यासाठी’ असंख्य कार्डे रात्रंदिवस राबवली जात होती. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या चलनाची पद्धत बदलली, कार्डांची गरज संपली आणि ती जुन्या बाजारात आली. अशा कार्डाला हात लावू नये असे सांगितले जाते. आम्हाला हे सरसकट पटत नाही. सिलिकॉनची चिप तापल्यावर जेवढी प्रसरण पावते, त्याच्या पाच-सहा पट खालची पट्टी प्रसरण पावते. ही ओढाताण मधल्या डाखाच्या बारीक सांध्यांना सोसावी लागते आणि दर वेळी तापून थंड होताना ते थोडे थोडे थकतात. सतत एकाच तापमानाला चाललेल्या कार्डाला हे हेलकावे कमी बसतात. त्याचे पंखे मात्र झिजलेले असतात आणि स्मृतीच्या चिपांनीही पुष्कळ उष्णता सोसलेली असते. तेव्हा ‘फक्त घरी वापरलेले’ या शब्दावर विसंबण्यापेक्षा कार्ड आपल्यासमोर तापवून पाहावे.

हा प्रयोग शाळेतही करण्यासारखा आहे. कार्डावर पूर्ण भार टाकणारी फरमार्कसारखी प्रणाली चालवावी आणि दर मिनिटाला तापमान वहीत लिहावे. सुरुवातीला तापमान भरभर चढते, मग आलेख वाकतो आणि सपाट होतो, कारण निर्माण होणारी आणि बाहेर जाणारी उष्णता समान होते. चिप आणि तिच्यावरच्या धातूच्या पट्ट्या यांमधला उष्णतावाहक लेप वाळला असेल, तर उष्णता चिपमध्येच अडते. मग भार टाकताच काही सेकंदांत तापमान उसळते आणि भार काढताच तसेच कोसळते. पट्ट्यांमध्ये धूळ साचली असेल किंवा पंखा मंद असेल, तर उलट ते सावकाश पण चढतच राहते. हे दोन्ही दोष थोडक्या खर्चात दुरुस्त होतात. रंगीत ठिपके किंवा रेघा दिसल्या तर मात्र बहुधा स्मृती किंवा सांधे गेलेले असतात. असे कार्ड घेऊ नये. पाच मिनिटांत समाधान मानू नये, अर्धा तास तरी द्यावा. पेटीतली हवा आणि सगळी पट्टी तापायला तेवढा वेळ लागतो.

आपल्या किनारपट्टीला आणखी एक तपासणी हवी. हवेतून आलेले मीठ धुळीबरोबर कार्डावर बसते. सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून विरघळते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हे नेहमीचेच. हे खारे पाणी वीज वाहते आणि तांबे खाते. स्क्रू गंजलेले आहेत का, टाक्यांजवळ हिरवट-पांढरी बुरशीसारखी पुटे आहेत का, हे विजेरीच्या उजेडात पाहावे.

राहता राहिला वीजपुरवठा. संगणकाच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. आरएक्स ५८० ला १८५ वॅट लागतात, म्हणजे वेगळी तार हवी. कचेऱ्यांतून निघालेल्या जुन्या संगणकांत ती बहुधा नसते. तिथे वेगळी तार न लागणारे जीटीएक्स १६५० शोधावे. आणि नाव बदललेली बनावट कार्डेही मिळतात. जीपीयू-झेड या मोफत प्रणालीने आतली चिप खरोखर कोणती ते तपासावे.

शेजारच्या मुलाच्या कार्डाचा लेप आम्ही बदलून पाहिला. उपयोग झाला नाही. पुन्हा पैसे साठायला दिवाळी उजाडली. या खेपेस तो वही घेऊन गेला. पहिल्या विक्रेत्याने अर्धा तास कार्ड लावून ठेवायला नकार दिला, तसा तो तिथून उठला. दुसऱ्याने लावू दिले. आलेख ७२ अंशांवर सपाट झाला.