उतारावर डिस्क कोणत्या मापाची?

सायकल घेताना आपण आधी गिअर मोजतो. पण जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून केरीकडं जायचं, तर जीव असतो तो ब्रेकवर.

माउंटन बाइकच्या डिस्क साधारण १६०, १८० आणि २०३ मिलिमीटर व्यासाच्या मिळतात. डिस्क मोठी, तेवढा कॅलिपर चाकाच्या मध्यापासून लांब. म्हणून बोटांचा जोर तेवढाच असला तरी चाक जास्त घट्ट धरलं जातं. १६० काढून १८० घातली की पकड साडेबारा टक्के वाढते, २०३ नं जवळजवळ २७ टक्के. शिवाय मोठी डिस्क लांब उतारावर कमी तापते.

ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकावर येतो. म्हणून मोठी डिस्क आधी पुढं. सपाट रस्त्याला, हलक्या माणसाला १६० पुरे. घाट, जास्त वजन किंवा पाठीला सामान असेल तर पुढं १८०, मागं १६०. खडकाळ, तीव्र उताराला पुढं २०३, मागं १८०.

मात्र फोर्क आणि फ्रेमला जास्तीत जास्त कितीची चालते, ते कंपनीच्या पुस्तिकेत बघा. त्यापेक्षा मोठी घातली तर फोर्कवर झेपणार नाही एवढा ताण येतो. माप बदललं की अडॅप्टरही बदलावा लागतो. आणि नवी डिस्क थेट घाटात नेऊ नका. आधी सपाटीवर वेग घेऊन, पुन्हा पुन्हा ब्रेक दाबून ती बसवून घ्या.