बारीक दिसतोय म्हणजे चरबी नाही?

ऐकायला वेळ नसेल तर आजचा भाग इथे वाचून काढा. विशेषतः घरी ज्यांना ‘काडी पैलवान’ म्हणतात, त्यांनी.

चारकोपच्या कुठल्याही सेक्टरमधल्या जिममध्ये जा. दंड कमावलेला मुलगा आरशासमोर म्हणतो, "अजून बारीकच दिसतो रे." चांगल्या वजनाची मुलगी स्वतःला जाडी समजते. आणि हातपाय काटकुळे, पण शर्टाखाली जरा पोट सुटलेला तिसरा? तो जिममध्ये येतच नाही. त्याला वाटतं, आपण तर फिट आहोत. मला काळजी याचीच वाटते.

का, ते पुण्यातल्या एका गोष्टीवरून सांगतो. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघेही मधुमेहाचे अभ्यासक. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा: २२.३. (बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग.) मग डेक्सा स्कॅनने अंगातली चरबी मोजली. युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांनी स्वतःचा फोटो आणि हे आकडे छापले. फोटोत दोघेही सडपातळच. स्वतःच्या पोटाचा हिशोब असा जगासमोर मांडायला हिंमत लागते, हं.

हे येतं कुठून? याज्ञिकांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं स्नायूंनी बरीच कमी भरली, पण पाठीवरची, खांद्याच्या फऱ्याखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे बारीक, तरी चरबीदार. आणि हे जन्मतःच.

म्हणून भारतीयांसाठी ‘जास्त वजन’ २५ ऐवजी २३ बीएमआयपासूनच धरतात. उंची १७० सेंटीमीटर असेल, तर ६७ किलोलाच तुम्ही त्या रेषेपलीकडे. अर्थात बीएमआयला स्नायू आणि चरबी यातला फरक कळत नाही, त्यामुळे जिमवाल्या मुलाला तो उगाच जाडा ठरवू शकतो. चरबी सांगणारा घरचा स्मार्ट काटा अंगातून हलका करंट सोडून अंदाज बांधतो. पाणी कमीजास्त प्यायलात तरी आकडा हलतो.

खरा धोका पोटाच्या आत, यकृताभोवती साठणाऱ्या चरबीचा. तिथूनच साखर बिघडायला सुरुवात होते, आणि बारीक माणसाला कुणी "शुगर तपासून घे" म्हणत नाही. तुमच्या आईबाबांपैकी कुणाला मधुमेह असेल, तर वजन न बघता तपासा.

आणि शिंप्याची टेप आणा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८० ही मर्यादा. पँटचा नंबर सांगू नका. पँट आपण पोटाच्या खाली घालतो.