वेळेआधी व्याणारी कालवड

मराठीत ‘कालवड’ हे नाव पहिल्या वेतापर्यंतच टिकते. व्याली की ती गाय झाली. फार तर तिला ‘पहिलारू’ म्हणावयाचे. उत्तर अमेरिकेत मांसासाठी गुरे पाळणारे लोक मात्र पहिल्या वेतानंतरही तिला बहुधा ‘हेफर’च म्हणतात, दुसरे वेत होईपर्यंत ते नाव सुटत नाही. व्यालेली असूनही तिची वाढ पुरी झालेली नाही, ही जाणीव त्या नावात शिल्लक राहिली आहे. आणि ठरल्या वेळेआधी व्याणाऱ्या कालवडीची सारी निगा ह्याच जाणिवेवर उभी असते.

तिकडील कळपांत कालवड १४-१५ महिन्यांची झाली आणि पूर्ण वाढलेल्या गायीच्या ६० ते ६५ टक्के वजनास पोचली, म्हणजे तिला वळू दाखवितात. गर्भकाल सुमारे २८३ दिवसांचा असल्याने पहिले वेत दोन वर्षे पुरी होण्याच्या सुमारास येते. हा हिशेब बिघडतो तो बहुधा कुंपणापाशी. शेजारचा वळू आत शिरतो. किंवा कालवड आईच्या दुधावर असतानाच माजावर येते आणि खच्ची न केलेला गोऱ्हा त्याच कळपात असतो. अशी कालवड दीड वर्षाच्या आतच व्यावयास येते.

गर्भ तीन-चार महिन्यांच्या आतला असताना हे ध्यानात आले, तर पशुवैद्य प्रोस्टाग्लँडिन टोचून तो पाडू शकतो. पण पुष्कळदा कळते ते कास भरू लागल्यावरच. मग वासरू लहान राहावे म्हणून कालवडीचा चाराच तोडण्याचा मोह होतो. हा मोह घातक होय. उपासमारीने वासराचे वजन थोडेफार घटते, परंतु कालवडीची शक्ती त्याहून अधिक घटते; ती अडते, चीक कमी येतो आणि पुन्हा माजावर येण्यास विलंब लागतो. उलट अति खुराकाने चरबी वाढून प्रसूतिमार्गच अडतो. म्हणून तिला थोरल्या गायींपासून वेगळे काढून बेताचा पण सकस आहार द्यावयाचा. थोरल्या गायींत राहिली तर गव्हाणीपाशी ती नेहमीच मागे रेटली जाते.

व्याण्याच्या सुमारास पाळत हवी. पाणमोट दिसल्यावर तासाभरात प्रगती न झाल्यास मदत करावी. वासरू फारच मोठे वाटले तर ओढाताण न करता पशुवैद्याला बोलवावे. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात गुस कोनेफाल नावाच्या पशुपालकाने गुरांना संध्याकाळी उशिरा चारा घालण्याची रीत रूढ केली. तिच्यामुळे अधिक गायी दिवसा व्यातात आणि अडलेली कालवड वेळेवर नजरेस पडते. रात्रीची जागरणे वाचतात, हा लाभही लहान नव्हे.

वासराला पहिल्या काही तासांत चीक मिळालाच पाहिजे. पुढे दूध आणि स्वतःची वाढ ही दोन्ही ओझी ह्या कोवळ्या आईला पेलत नाहीत. म्हणून वासरू दोन-तीन महिन्यांचे होताच तोडणे श्रेयस्कर. ती सावरली तर पुढील हंगामात पुन्हा वळू दाखवितात. न सावरल्यास खुराकावर घालून विकतात. एकदा व्यालेल्या आणि अशा रीतीने बाजाराकडे निघालेल्या कालवडीस तेथे ‘हेफरेट’ म्हणतात. वयाने थोरली असूनही प्रत्यय मात्र लघुत्वाचा लागला आहे!